मदत हवी आहे: केनेडीला पैसा पावला, रॉम्नीला का नाही?

मंडळी, नमस्कार.

डोंबिवलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर येत्या शनिवारी मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच हौसेने सुचवला, 'अमेरिकेतल्या प्रायमरी: उमेदवाराचा धर्म आणि उमेदवाराचा खिसा', आणि आता मीच अडकलोय. अठराव्या मिनिटाला घंटा होते. पहिल्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद बसतात, आकडा चुकला की त्यांचा हात वर. तेव्हा कच्चं काही नेऊन चालत नाही.

पहिली अडचण शब्दाचीच. घरी तालीम केली तर सौ. म्हणाली, "प्रायमरीत धर्म कशाला आणता, पोरं लहान असतात." सध्या मी 'पक्षाचं तिकीट मतदारांनी ठरवायची निवडणूक' म्हणतोय. लांबलचक आहे. आटोपशीर शब्द सुचवा.

खरी अडचण पुढे आहे. माझ्याकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात.

पहिली १९६० ची, डेमोक्रॅटिक पक्षातली, वेस्ट व्हर्जिनियात घडलेली. कोळशाच्या खाणींचं गरीब राज्य, वस्ती जवळजवळ सगळी प्रोटेस्टंट, आणि जॉन केनेडी कॅथलिक. १९२८ साली अल स्मिथ हा कॅथलिक उमेदवार हूव्हरपुढे सपाटून आपटला होता, त्याची धास्ती पुढाऱ्यांच्या मनातून गेली नव्हती. समोर ह्युबर्ट हम्फ्री, प्रोटेस्टंट, पण खिशाने फाटका. केनेडीचे वडील गडगंज. हम्फ्रीची तक्रार अशी की मोठ्या साखळी दुकानासमोर एकट्या दुकानदाराने गाळा मांडावा तशी माझी गत झाली आहे. १० मे रोजी केनेडीने साठ टक्क्यांवर मतं घेतली आणि हम्फ्रीने त्याच रात्री माघार घेतली.

दुसरी २००८ ची, रिपब्लिकन पक्षातली. मिट रॉम्नी मॉर्मन (अमेरिकेतच निघालेला पंथ, बरेच ख्रिस्ती त्याला आपल्यातला मानत नाहीत), मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर. प्रचारात स्वतःचे चार कोटी डॉलरहून जास्त ओतले. दुसऱ्याकडून घ्यायचे तर त्या वेळी एका निवडणुकीसाठी माणशी २,३०० डॉलरची मर्यादा, पण स्वतःचे कितीही घाला. १९७६ च्या बकली खटल्यात सुप्रीम कोर्टानेच ती वाट मोकळी केली. (आपल्याकडे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. कागदावर.) एवढं करून ३ जानेवारीला आयोवात माइक हकबीला ३४ टक्के आणि रॉम्नीला २५. हकबी आधीचा बॅप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाचा पाद्री, तिजोरी रॉम्नीच्या मानाने किरकोळ. ७ फेब्रुवारीला रॉम्नी शर्यतीबाहेर.

दोघांच्याही धर्माची अडचण, दोघांकडेही पैसा. मग एकाला पावला आणि दुसऱ्याला नाही, असं का? टिपणात मी 'काळ बदलला' असं लिहून ठेवलंय. पण काळ बदलून लोक सैल झाले असतील तर रॉम्नीला उलट सोपं जायला हवं होतं. सौ. ला हे वाचून दाखवलं, तिने चहाचा कप ठेवला आणि "मग?" एवढंच विचारलं.

तो 'मग' मला भरून हवाय. जाणकारांनी मदत करावी.

चिंचगूळ: काका, 'उमेदवारीची निवडणूक' म्हणा, काम झालं. आणि सुरुवात आपल्याकडून करा. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडून पाहिले, त्यात वर्धा आणि लातूर होते. दिल्लीहून यादी येते तसं नाही, एवढं सांगितलंत की श्रोते लगेच जागेवर येतील.

ओहायोकर: मी इकडेच असतो, म्हणून जरा लांब लिहितो.

काका, तुम्ही दोन्ही लढती एकाच जातीच्या धरल्यात, तिथे गाडी रुतली. १९६० साली उमेदवारी या मतदानाने ठरत नव्हती. मोजक्याच राज्यांत ते होई, बाकी प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारी माणसं, पक्षाच्या पुढाऱ्यांच्या मुठीत. केनेडीला वेस्ट व्हर्जिनियाचे प्रतिनिधी नको होते, त्याला त्या पुढाऱ्यांना दाखवायचं होतं की बघा, प्रोटेस्टंट माणूससुद्धा मला मत देतो.

आता पैसा कुठे गेला ते बघा. एक वाट नेहमीची. तिथली मतपत्रिका लांबच लांब, गावोगावचे गट आपल्या माणसांची यादी छापून मतदाराच्या हातात ठेवत. त्या यादीत नाव यायचं तर रोख मोजावी लागे. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनीच पुढे हे सांगितलं. केनेडी स्वतः यावर विनोद करायचा. १९५८ च्या एका मेजवानीत त्याने वडिलांची तार म्हणून वाचून दाखवलं: गरजेपेक्षा एक मतही जास्त विकत घेऊ नकोस, प्रचंड विजयाचे पैसे मी देणार नाही!

दुसरी वाट जास्त महत्त्वाची. मतदानाच्या तोंडावर केनेडीने टीव्हीवर वेळ विकत घेतला आणि धर्मावरच बोलला. लोकांना भीती काय होती? राष्ट्राध्यक्ष पोपचं ऐकेल. त्याला इतकंच पटवायचं होतं की माझा धर्म कारभाराच्या मधे येणार नाही. हे पटवायला वेळ लागतो आणि वेळ विकत मिळतो.

रॉम्नीचं गिऱ्हाईकच वेगळं. आयोवातल्या रिपब्लिकन सभांना (तिथे मतदान पक्षाच्या सभांतच होतं) आलेल्यांपैकी दहातले सहा जण स्वतःला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला घट्ट धरून चालणारे प्रोटेस्टंट, म्हणवणारे. 'माझा धर्म मधे येणार नाही' असं त्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना तो मधे यायला हवाच असतो. फक्त त्यांचा स्वतःचा. ६ डिसेंबर २००७ ला टेक्सासमध्ये रॉम्नीने श्रद्धेवर मोठं भाषण केलं, त्यात 'मॉर्मन' हा शब्द एकदाच आला. त्याच महिन्यात हकबीने, येशू आणि सैतान भाऊ आहेत असं मॉर्मन मानतात ना, असा साळसूद प्रश्न एका मुलाखतीत टाकला. नंतर माफी मागितली, पण व्हायचं ते होऊन गेलं. 'मी तुमच्यातलाच' हे चार कोटींत येत नाही, आणि समोर खरोखरचा पाद्री उभा असताना तर नाहीच.

कट्टेकरी (धागाकर्ता): ओहायोकर, साष्टांग नमस्कार. 'काळ बदलला' खोडलं. पण बँकवाले विचारणार की २०१२ ला त्याच रॉम्नीला उमेदवारी मिळाली, तेव्हा काय?

टाचणखूण: २०१२ ला विरोधातली मतं फुटली, हे साधं उत्तर. त्यातली गंमत मात्र सोडू नका: २१ जानेवारीला साउथ कॅरोलायनात त्याला हरवणारा न्यूट गिंग्रिच कॅथलिक, पुढे झुंजवणारा रिक सँटोरम कॅथलिक. इव्हँजेलिकल मतदार मॉर्मन नको म्हणून कॅथलिकांकडे चालले होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खाणकामगारांना हे सांगितलं असतं तर?

आणि तुमचा धर्म आणि तुमचा खिसा एकाच कागदावर सापडतात. गिंग्रिचने कर विवरणपत्रावरून इतकं पिडलं की हरल्यावर तीन दिवसांत रॉम्नीने ते उघड केलं. २०१० चं उत्पन्न सुमारे २ कोटी १६ लाख डॉलर, कर सुमारे ३० लाख, म्हणजे १३.९ टक्के. दानही साधारण तेवढंच, आणि त्यातलं निम्मं मॉर्मन चर्चला. त्यांच्यात दशमांश द्यावाच लागतो. कर किती भरला ते बघायला गेलेल्यांना देवाला किती दिलं तेही दिसलं. पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात तर त्याने दान ४० लाखांचं दाखवून वजावट साडेबावीस लाखांचीच मागितली, कारण पूर्ण मागितली असती तर 'तेरा टक्क्यांहून कमी कर कधी भरला नाही' हे त्याचं बोलणं खोटं पडलं असतं.

वडील जॉर्ज रॉम्नी यांनी १९६७ साली उमेदवारीच्या खटपटीत बारा वर्षांची विवरणपत्रं लोकांपुढे ठेवली होती. मुलावर सारखा त्याचाच दाखला फेकला जायचा.

कट्टेकरी: हे शेवटचं सौ. ला वाचून दाखवलं. "हां, आता कळलं," म्हणाली. वडील-मुलगा कळतो लोकांना. एकच शंका राहिली: डॉलरचे रुपये करून सांगू का?

टाचणखूण: अजिबात नको. बँकवाले विचारतील, कोणत्या तारखेचा दर धरला?