मदत हवी आहे: सासरे प्रॉटेस्टंट आहेत, त्यांची अंत्यविधीची मिस्सा आमच्या चर्चमध्ये होऊ शकते का?

धागाकर्ती:

थोडं लांबेल, पण नीट सांगते.

मी कॅथलिक. नवरा लग्नाच्या वेळी कॅथलिक झाला, सासरे मात्र प्रॉटेस्टंटच राहिले. त्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. गेली वीसेक वर्षं दर रविवारी ते आमच्याबरोबर मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येतात. शेवटून तिसरा बाक, कडेची जागा. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी गुडघे आखडून आतल्या लोकांना वाट करून देतात आणि स्वतः तिथेच बसून राहतात. कॅथलिक का होत नाही, असं कुणी विचारलं की म्हणतात, "आईवडिलांनी ज्यात वाढवलं त्यातच राहू दे मला."

डॉक्टर आता वर्षांत नाही, महिन्यांत बोलतात. मागच्या आठवड्यात सासरे स्वतःहूनच म्हणाले, "मला तुमच्याच चर्चमधून न्या." त्यांची मंडळी केव्हाच पांगली. पास्टर निवृत्त होऊन दूर गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

मी पॅरिश ऑफिसला फोन केला. "नॉन-कॅथलिकांसाठी मिस्सा होत नाही" एवढं एकच वाक्य ऐकवून फोन ठेवला. दीर म्हणतात, आता सगळं चालतं, फादरना सांगितलं की झालं. नक्की खरं काय? आणि हे त्यांच्या हयातीत विचारणं वाईट दिसेल का?

पायरीवरचा:

ऑफिसवाल्यांचं चुकलं आणि दीरांचंही. तुम्ही एकच प्रश्न विचारताय, पण त्यात तीन गोष्टी आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो.

एखाद्याच्या नावे मिस्सा अर्पण करणं ही झाली पहिली. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ९०१ वं कलम सांगतं की धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. तिथे कॅथलिक असण्याची अटच नाही. हे आजही करता येईल, उद्याही.

चर्चमधला अंत्यविधी ही दुसरी. त्यासाठी कलम ११८३, तिसरा परिच्छेद. बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती माणसाला कॅथलिक अंत्यविधी देता येतो. तो स्थानिक बिशपांच्या (किंवा त्यांच्या व्हिकर जनरलच्या, म्हणजे मुख्य प्रतिनिधीच्या) विवेकावर सोडलेला आहे. अटी दोन: त्या माणसाची इच्छा याच्या विरुद्ध असल्याचं उघड नसावं, आणि त्याचा स्वतःचा धर्मसेवक उपलब्ध नसावा. तुमचे सासरे स्वतः मागताहेत आणि पास्टर नाहीत. म्हणजे हे कलम जणू त्यांच्यासाठीच लिहिलंय. फक्त परवानगी फादरच्या खिशात नसते, बिशपांकडून आणावी लागते. दीरांना एवढंच सांगा.

तिसरी गोष्ट जाहीर मिस्सेची. त्यावर रोमने १९७६ च्या जूनमध्ये वेगळा आदेश काढला होता. तोवरची सर्वसाधारण शिस्त अशी, की कॅथलिक चर्चशी पूर्ण ऐक्यात नसलेल्यांसाठी खाजगी मिस्सा चालेल, जाहीर नाही. ऑफिसमधल्यांच्या डोक्यात बहुधा तेच बसलंय. आदेशाने दार किलकिलं केलं. घरच्यांनी किंवा मित्रांनी खऱ्या धार्मिक भावनेने स्वतः मागणी करावी, आणि भाविकांमध्ये गैरसमज पसरणार नाही याची बिशपांना खात्री वाटावी. आदेश काढण्यामागे तुमच्यासारख्यांच्या विनंत्या होत्याच, शिवाय सार्वजनिक पदावरच्या माणसांच्या निधनानंतर येणाऱ्या विनंत्याही होत्या.

निळी शाई:

वरच्या प्रतिसादात एक महत्त्वाचं राहिलं, आणि ऐन वेळी तेच बोचतं. नाव.

१९७६ च्या आदेशात स्पष्ट आहे की अशा मिस्सेत मृताचं नाव युखरिस्ताच्या (भाकर-द्राक्षारसाच्या संस्काराच्या) मुख्य प्रार्थनेत घ्यायचं नाही. म्हणजे जिथे पोप आणि बिशपांची नावं येतात, तिथे. त्या जागी नाव घेणं म्हणजे पूर्ण ऐक्याची खूण, असा फार जुना संकेत आहे. १९९३ च्या एक्युमेनिकल डिरेक्टरीनेही (इतर ख्रिस्ती पंथांशी संबंधांबद्दलच्या रोमच्या नियमावलीनेही) तो तसाच ठेवला. मात्र त्याच डिरेक्टरीनुसार बाकीच्या जाहीर प्रार्थनांत, विश्वासूंच्या विनवण्यांत वगैरे, दुसऱ्या चर्चमधल्या जिवंत-मृत माणसांसाठी प्रार्थना करता येते. प्रवचनात तर नाव येतंच.

माझ्या आत्याच्या वेळी आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. नाव ऐकू आलं नाही म्हणून आतेभाऊ समोरच्या बाकाची कड धरून उभाच राहिला, बाकी सगळे गुडघ्यांवर. नंतर कितीतरी दिवस "फादर विसरले" असा राग. फादर विसरले नव्हते. घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे हे टळेल.

दुसरं टोक:

मी थोडं वेगळं सुचवतो. मिस्सा हवीच का? अंत्यविधी मिस्सेशिवायही होतो: वाचनं, प्रवचन, विनवण्या, मग शेवटचा निरोप, पेटीवर पवित्र पाणी आणि धूप. तोही चर्चचाच पूर्ण विधी आहे, डावा नाही.

कारण असं की सासऱ्यांकडचे बरेच नातेवाईक प्रॉटेस्टंट असणार. मिस्सा म्हटली की कम्युनियन आलं. कॅथलिक नसलेल्यांना कम्युनियन देण्याबद्दलच्या कलम ८४४ चे अपवाद कडक आहेत आणि अंत्यविधीला आलेल्या प्रॉटेस्टंट पाहुण्यांना ते सहसा लागू होत नाहीत. मग अर्धं चर्च रांगेत आणि अर्धं बाकावर. आमच्याकडे अगदी असंच झालं. सख्ख्या बहिणीला वडिलांच्या पेटीपासून चार हातांवर बसून राहावं लागलं. विधी मिस्सेशिवाय करायचा आणि कुटुंबाच्या मिस्सेत आठवडाभराने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, असं करता येतं.

धागाकर्ती:

दुसरं टोक, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. पण ते स्वतः वीस वर्षं बाकावर बसूनच होते, त्यांना त्याचं काही वाटत नसे. नणंदांना वाटेल. आधी त्यांनाच विचारते.

पायरीवरचा:

सहमत, कुटुंब बघून ठरवा. अजून एक: रविवारी आटपून घेऊ असं गृहीत धरू नका. आगमनकाळ, उपवासकाळ आणि पास्काकाळ यांतल्या रविवारी, हुकमी सणांना आणि पवित्र गुरुवार ते ईस्टर या दिवसांत अंत्यविधीची मिस्सा होतच नाही, अगदी कॅथलिक माणसाचीही.

उंबरठा:

जरा अवांतर. माझ्या बायकोचा बाप्तिस्माच झालेला नाही. तिच्यासाठी यातलं काही लागू होतं का?

निळी शाई:

११८३ चा तो परिच्छेद बाप्तिस्मा झालेल्यांपुरता आहे. त्या बाप्तिस्म्याची तयारी करत असतील तर वेगळं: त्याच कलमाचा पहिला परिच्छेद अशा उमेदवारांना अंत्यविधीच्या बाबतीत ख्रिस्ती भाविकांतच धरतो. तसं नसेल तरी ९०१ आहेच, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायला आडकाठी नाही. आणि युखरिस्ताच्या चौथ्या प्रार्थनेत, ज्यांचा विश्वास फक्त देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचा उल्लेख दर वेळी येतो, नाव न घेता. मला ती ओळ कायम आवडत आली आहे.

अवांतरात अवांतर: सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ मध्ये बाप्तिस्म्याआधीच वारला. बिशप अँब्रोज यांनी त्याच्या मृत्युभाषणात त्याच्या इच्छेचाच हवाला दिला. म्हणजे हा पेच आजकालचा नाही.

पायरीवरचा:

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहूनच गेलं. हयातीत विचारणं वाईट तर दिसत नाहीच, उलट तेच सोयीचं. "इच्छा विरुद्ध नसावी" ही अट पुढे सिद्ध करत बसण्यापेक्षा आत्ताच त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, खाली सही. ऑफिसला फोन करू नका, फादरना प्रत्यक्ष भेटा. बिशपांना पत्र तेच लिहितील. बाप्तिस्म्याचा दाखला जवळ ठेवा.

धागाकर्ती:

अपडेट. फादर घरी येऊन गेले. पत्र ते लिहिताहेत. मुख्य प्रार्थनेत नाव येणार नाही, हे त्यांनी सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, "मग विनवण्यांत कोण घेणार?" फादर म्हणाले, नातवंडांपैकी कुणीही. तर आता धाकटीकडून वाचनाची तालीम करून घेणं चाललंय, आणि प्रत्येक वेळी "हळू वाच, घाई कसली आहे" हे ऐकू येतं.

नणंदांचं अजून एकमत नाही. मिस्सा की मिस्सेशिवाय, ते पुढच्या आठवड्यात ठरेल.

बाप्तिस्म्याचा दाखला त्यांच्या बायबलच्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात सापडला, घडीवर फाटलेला. त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलंय. अडेल का?

निळी शाई:

जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं जुळत असतील तर घाबरू नका. पण आत्ताच फादरना दाखवा, पत्र जायच्या आधी. आणि त्या घडीवर चिकटपट्टी लावू नका, आधी फोटो काढून ठेवा.