सिटी चर्च पेठेत, मग कॅथेड्रल कॅम्पात कसे?

प्रश्न – क्वार्टरगेटकर
आजीच्या ट्रंकेत तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला सापडला. कागद घडीवर विरला आहे, पण नाना पेठेतील सिटी चर्चचे नाव स्पष्ट वाचता येते. आईचे शिक्षण मात्र कॅम्पातील कॉन्व्हेंटमध्ये झाले. पुण्यातील जुना धर्मग्राम (पॅरिश) पेठेत असताना बिशपांचे मुख्य चर्च आणि नावाजलेल्या शाळा कॅम्पात कशा गेल्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – पेठेतला
सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक चाकरीला होते आणि त्यांच्यासाठी ही जागा मिळाली ती दोम मिगेल दि नोरोन्या या अंमलदारामुळे. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, मातीच्या साध्या प्रार्थनाघरात पहिली मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) झाली. आज दिसते ती इमारत १८५२ ची आहे. पुण्यात चर्च इंग्रजांनी आणले असे बरेच जण ठामपणे सांगतात, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की तेव्हा शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढायला पंचवीस वर्षे अवकाश होता.

उत्तर – घोरपडीकर
कॅम्प म्हणजे इंग्रजांची लष्करी छावणी, त्यामुळे त्याची गोष्ट पलटणींपासून सुरू होते. इंग्रजांच्या फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी रेसकोर्सजवळ १८५० मध्ये चर्च बांधले गेले आणि त्याला आयर्लंडच्या संताचे, सेंट पॅट्रिकचे, नाव मिळाले. पेठेतील चर्चची नाळ गोव्याशी आणि पोर्तुगालच्या राजाश्रयाशी होती, तर कॅम्पातील मिशनरी थेट रोमच्या नेमणुकीने येत. म्हणून १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेश) झाला, तेव्हा कॅथेड्रलचा मान वयाने मोठ्या सिटी चर्चला न मिळता सेंट पॅट्रिक्सला मिळाला, असे मला वाटते.

शाळाही त्याच ओघात आल्या. लष्करी व सरकारी नोकरांच्या मुलांना इंग्रजी शिक्षण हवे होते आणि ते देणारे संघ कॅम्पात होते. जीझस अँड मेरी संघाच्या सिस्टरांनी १८६० मध्ये मुलींसाठी कॉन्व्हेंट उघडले आणि जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचे सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल १८६७ मध्ये सुरू झाले. हे जेझुइट बहुतांशी जर्मन असल्यामुळे १९१४ च्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून कामावरून दूर केले. तेव्हाचे पुण्याचे जेझुइट बिशप डोरिंग यांचा प्रवास तर विलक्षण आहे: १९२१ मध्ये त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला पाठवले गेले आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याचे बिशप झाले.

उत्तर – पेठेतला
एक दुरुस्ती सुचवतो. पेठ शाळांवाचून राहिली, असा समज होऊ नये. सिटी चर्चला लागून ऑर्नेलाज हायस्कूल आहे. शिवाय ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे मुळात सिस्टरांचा मठ. आपल्याकडे मात्र कोणतीही इंग्रजी शाळा कॉन्व्हेंट झाली, मग तिथे एकही सिस्टर नसो.

क्वार्टरगेटकर
दोघांचेही मनापासून आभार. दाखल्यावर फादरांची सही गोव्याकडच्या आडनावाची का, हे आता लक्षात आले. मूळ नोंदवहीसाठी येत्या आठवड्यात चर्चच्या कचेरीत विनंती अर्ज देतो.