मदत हवी आहे : ओपनएसएसएचचा पॅच मारला, तरी स्कॅनर सीव्हीई-२०२४-६३८७ अजून लाल दाखवतोय

कळफलक

चार लिनक्स सर्व्हर आहेत. चारही दूरच्या डेटा सेंटरमध्ये, आत शिरायला एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) हा एकच रस्ता. ‘रिग्रेशन’ नावाने गाजलेल्या ओपनएसएसएचच्या भोकावर (सुरक्षेतली त्रुटी, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७) उपाय करायचा आहे. सद्यस्थिती अशी :

अ) उबंटू २२.०४. अपडेट केल्यावर पॅकेज ८.९पी१-३उबंटू०.१० झालं. स्कॅनरचा अहवाल तरीही ‘असुरक्षित’.
ब) रेड हॅट ९. पॅकेज ८.७पी१-३८.ईएल९_४.१. अहवाल तोच.
क) उबंटू २३.०४. एपीटी (पॅकेज आणणारं साधन) नवीन काहीच देत नाही.
ड) डेबियन ११. यावर पॅकेजचं ओपनएसएसएच काढून ९.३पी१ सोर्सवरून कंपाइल केलेलं आहे.

स्कॅनरचं खरं मानायचं का? ‘क’चं तात्पुरतं काय करू? ‘ड’वर ९.८पी१ चढवताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून क्रम काय ठेवावा? आणि यानंतर किल्ल्या बदलाव्या लागतात का?

रात्रपाळी

‘अ’ आणि ‘ब’ला या भोकाचा पॅच लागलेला आहे. स्कॅनर फक्त बॅनरमधला (कनेक्शन होताच सर्व्हर पाठवतो ती ओळ) आवृत्तीचा आकडा वाचतो. ८.५पी१ ते ९.७पी१ या पट्ट्यातला आकडा दिसला की लाल. वितरणं मात्र मूळ आकडा तसाच ठेवून दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बॅकपोर्ट करतात. उबंटूच्या बॅनरमध्ये निदान पॅकेजचा शेवटचा भाग दिसतो. रेड हॅट बाहेर फक्त ८.७ एवढंच सांगतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला पॅच कळणं शक्यच नाही. स्कॅनरला लॉगिन देऊन आतून पॅकेज तपासायला लावा. किंवा चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा नंबर शोधा : रेड हॅटवर आरपीएमला क्यू आणि चेंजलॉग हे पर्याय देऊन, उबंटूवर एपीटी चेंजलॉगने. तेवढा पुरावा ऑडिटला जोडता येतो.

पण पॅकेज नवं असलं म्हणजे चालू प्रोसेसही नवी असते असं नाही. पोर्ट २२ वर ऐकणाऱ्या एसएसएचडीचा (ओपनएसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा आणि /प्रॉक/पीआयडी/एक्सी ही लिंक एलएसने लांब यादीत बघा. पुढे ‘डिलीटेड’ दिसलं तर डिस्कवरची फाइल बदललीय, मेमरीत मात्र जुनीच चालू आहे. सर्व्हिस रीस्टार्ट करा. आधीपासून उघडी असलेली सेशन्स तोडायची गरज नाही. हे भोक लॉगिन होण्याआधीच्या टप्प्यातलं आहे, आणि ते ज्यावर चालतं तो लॉगिनची मुदत मोजणारा अलार्म लॉगिन झालेल्या प्रोसेसमध्ये केव्हाच रद्द झालेला असतो.

‘ब’बद्दल अजून एक : रेड हॅट ९ च्या ८.७ मध्ये याच जातीचं दुसरं भोक सापडलं, सीव्हीई-२०२४-६४०९. त्याची दुरुस्ती तुमच्या पॅकेजनंतर आली. पुन्हा अपडेट घ्या.

पहारा

‘क’ सगळ्यात धोक्याचं. २३.०४ चा आधार जानेवारी २०२४ मध्येच संपला, त्यातलं ओपनएसएसएच ९.०पी१ थेट पट्ट्यात बसतं आणि पॅच कधीही येणार नाही. खरा उपाय म्हणजे मशीन २४.०४ वर नेणं. तोवर पुढचं करा.

भोक कसं चालतं ते आधी बघू, म्हणजे उपाय का चालतो ते पटेल. लॉगिनग्रेसटाइम मुळात १२० सेकंद असतो. तेवढ्यात लॉगिन झालं नाही की सिगअलार्म (वेळ संपल्याचा सिग्नल) येतो आणि त्याचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) सिसलॉगला (लॉग लिहिणारं फंक्शन) हाक मारतो. ग्लिबसीमध्ये (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सिसलॉग मेमरी मागतो-सोडतो, म्हणजे सिग्नल हँडलरमधून बोलावण्याजोगा नाही. नेमक्या त्याच क्षणी मुख्य प्रोग्रामही मेमरीच्या व्यवहारात अर्ध्यावर असेल तर हीप (प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी) बिघडतं, आणि हे सगळं रूटच्या (सर्वाधिकारी खातं) अधिकारात चालू असतं. २००६ मध्ये सीव्हीई-२००६-५०५१ म्हणून हेच दुरुस्त झालं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगचा कोड बदलताना एक संरक्षक अट निघून गेली आणि ८.५पी१ पासून भोक परत आलं. क्वालिस या सुरक्षा कंपनीने ते १ जुलै २०२४ ला जाहीर केलं. त्यांच्या ३२-बिट प्रयोगात शर्यत जिंकायला (म्हणजे नेमका तो क्षण साधायला) सरासरी १०,००० प्रयत्न लागले.

म्हणून लॉगिनग्रेसटाइम ० केला की अलार्मच लागत नाही, भोक बंद. किंमत अशी की लॉगिन न करता नुसतं लटकून राहिलेलं कनेक्शन कधीच सुटत नाही. मॅक्सस्टार्टअप्स मुळात १०:३०:१०० असतं : अशी १० कनेक्शन झाली की नवीनपैकी ३० टक्के नाकारायला सुरुवात होते, प्रमाण चढत जातं आणि १०० ला दार पूर्ण बंद. कोणीही १०० रिकामी कनेक्शन लावून तुम्हाला बाहेर ठेवू शकतो. त्यामुळे ० करण्याआधी फायरवॉलवर पोर्ट २२ फक्त तुमच्या पत्त्यांपुरता उघडा. माझ्या मते या दोघांत फायरवॉल जास्त महत्त्वाची.

ओळ कुठे लिहिता याकडेही लक्ष द्या. एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये पहिली भेटलेली किंमत चालते, शेवटची नाही. उबंटूत फाइलच्या डोक्यावरच एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरचा इन्क्लूड असतो, म्हणून त्यातल्या फाइलीत काही असेल तर मुख्य फाइलीतली तुमची ओळ वाया जाते. बदल केल्यावर एसएसएचडीला मोठा टी देऊन चालवा आणि प्रत्यक्ष लागू झालेली किंमत वाचा. पासवर्ड बंद करून फक्त किल्ल्या ठेवणं किंवा पोर्ट बदलणं, दोन्हींचा या भोकावर उपयोग नाही. हल्ला लॉगिनपर्यंत पोचतच नाही.

बायनरी

‘ड’साठी ९.८ चा आग्रह का? डेबियन ११ चं स्वतःचं पॅकेज ८.४पी१ आहे, म्हणजे भोक परत येण्याआधीचं. ते परत बसवलं तर ही भानगडच मिटते, आणि पुढचे सुरक्षा पॅच एलटीएसमधून (जुन्या आवृत्तीला मिळणारा लांबवलेला आधार, डेबियन ११ साठी ऑगस्ट २०२६ पर्यंत) आपोआप येतील. सोर्सवरून कंपाइल केलेल्या सर्व्हरला पॅच कोणी देत नाही, ती जबाबदारी कायमची तुमची. फक्त छोटा टी देऊन कॉन्फिग तपासा, कारण ८.५ नंतर आलेली नावं ८.४ ला कळत नाहीत आणि तो सुरूच होत नाही.

कळफलक

कॉन्फिगमध्ये रिक्वायर्डआरएसएसाइज आहे आणि तो धोरणाचा भाग आहे. त्यामुळे ८.४ वर जाता येणार नाही.

बायनरी

बरोबर, तो पर्याय ९.१ पासूनचा. मग ९.८पी१, पण जुन्या फाइलींवर इन्स्टॉल करू नका. ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन भाग झाले : ऐकणारा एसएसएचडी आणि प्रत्येक कनेक्शन सांभाळणारा एसएसएचडी-सेशन. जुना ऐकणारा प्रत्येक कनेक्शनसाठी डिस्कवरची फाइल नव्याने चालवतो. तिथे नवी फाइल सापडली की दोघांचं जमत नाही, आणि रीस्टार्ट होईपर्यंत एकही नवीन लॉगिन होत नाही. त्याच वेळी तुमचं सेशन तुटलं की सर्व्हर गेला हातचा.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी डेटा सेंटरच्या कन्सोलवरून रूटने प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, नुसतं पान उघडतं म्हणून समाधान मानू नका. मग कॉन्फिगरला प्रीफिक्स /ऑप्ट/ओपनएसएसएच-९.८पी१ द्या आणि सिसकॉन्फडिर जुन्याच कॉन्फिगच्या फोल्डरचा, म्हणजे होस्ट किल्ल्या त्याच राहतील आणि क्लायंटवर ओळख बदलल्याची सूचना येणार नाही. विथ-पॅम (पॅम म्हणजे लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) विसरू नका, त्याआधी पॅमच्या डेव्हलपमेंट फाइली बसवलेल्या हव्यात. पॅमशिवाय कंपाइल झालं तर यूजपॅमची ओळ फक्त इशारा देऊन सोडून दिली जाते, आणि शॅडो फाइलीत (खात्यांच्या पासवर्डांची फाइल) पासवर्डच्या जागी उद्गारचिन्ह असलेली खाती ‘लॉक’ समजून किल्ली बरोबर असूनही नाकारली जातात. फक्त किल्लीने चालणाऱ्या सर्व्हरवर बहुतेक खाती अशीच असतात, म्हणून इथे बरेच जण अडकतात.

नवीन एसएसएचडी छोटा टी देऊन तपासा. काही छापलं नाही तर पूर्ण पाथ देऊन पोर्ट २२२२ वर सुरू करा, फायरवॉलमध्ये तो तुमच्या पत्त्यापुरता उघडा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून सुडोसुद्धा चालवून बघा. हे जमल्यावरच सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) युनिटमध्ये एक्झेकस्टार्टचा पाथ बदला, डेमन-रीलोड करा, रीस्टार्ट मारा. युनिट हाताने लिहिलेलं असेल तर किलमोड=प्रोसेस आहे ना ते बघा, नाहीतर रीस्टार्टबरोबर तुमचं चालू सेशनही मरू शकतं. पोर्ट २२ वर तिसऱ्या खिडकीतून आत गेलात की २२२२ चा बंद करा. जुनं सेशन सगळ्यात शेवटी सोडा.

रात्रपाळी

किल्ल्यांबद्दल : २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या भोकात एका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर पडायची आणि मागे लॉगमध्ये खूण राहत नसे, म्हणून किल्ल्या सरसकट बदलाव्या लागल्या. इथे मेमरी गळत नाही. हल्ला फसला तर काही हाती लागत नाही, साधला तर थेट रूट मिळतो. त्यामुळे लॉग बघा. ‘टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन’ या ओळी थोड्याफार असणं नेहमीचं आहे. हजारोंनी, ठरावीक पत्त्यांवरून, दर १२० सेकंदांच्या अंतराने झुंडीने आल्या असतील तर प्रयत्न झालाय. त्यानंतर अनोळखी प्रोसेस, नवीन क्रॉन (वेळापत्रकाने आपोआप चालणारं काम) किंवा ऑथराइज्ड_कीजमध्ये भर दिसली तर पॅच मारून उपयोग नाही. मशीन नव्याने उभारा आणि तिच्यावरच्या सगळ्या किल्ल्या, टोकन बदला.

बायनरी

‘ड’साठी दोन गोष्टी राहिल्या. ९.८ मध्ये बऱ्याच लॉग ओळी एसएसएचडी-सेशन या नावाने येतात. फेल२बॅनचा (लॉग वाचून पत्ते अडवणारं साधन) जुना फिल्टर फक्त एसएसएचडी शोधत असेल तर तो कोणालाही अडवणार नाही आणि तक्रारही करणार नाही. मुद्दाम चुकीचं लॉगिन करून खात्री करा, पण तुमच्या मुख्य पत्त्यावरून नको. कारण दुसरी गोष्ट, परसोर्सपेनल्टीज, ९.८ पासून आपोआप चालू असते. एकाच पत्त्यावरून वारंवार लॉगिन फसलं की तो पत्ता काही काळ नाकारला जातो. सगळं ऑफिस एका नॅटमागे (बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच) असेल तर एकाच्या चुकीच्या स्क्रिप्टमुळे सगळे बाहेर राहतील. ऑफिसचा आणि मॉनिटरिंगचा पत्ता परसोर्सपेनल्टीएक्झेम्प्टलिस्टमध्ये रीस्टार्ट मारण्याआधीच घाला.