अनुभव धागा: जुन्या छोट्या इंजिनात चेन काढून टायमिंग बेल्ट

मंडळी, बरेच दिवस मनात होतं की हा विषय एका जागी यावा. ऑस्टिनचं ए-सिरीज इंजिन 1951 मध्ये 803 सीसीचं म्हणून आलं, 1959 मध्ये 848 सीसीचं होऊन मिनी गाडीत आडवं बसलं आणि 2000 पर्यंत मिनीत चालत राहिलं. इतक्या वर्षांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) क्रँकवरून फिरवायला कंपनीने चेनच ठेवली. बेल्ट लावतो तो आपल्यासारखा हौशी माणूस, नाहीतर रेसवाला. ज्यांनी लावला, लावून काढला किंवा विचार करून लावलाच नाही, त्या सगळ्यांनी लिहा. किती चालला, काय बिघडलं, पुन्हा लावाल का? सुरुवात मी करतो.

मिनी 1275, बेल्ट लावून सहा वर्षं

माझ्या इंजिनात दुहेरी चेन होती. आयडलिंगला पुढून खळखळ यायची, पण तेवढ्यासाठी कुणी इंजिन खोलत नाही. खोललं ते कॅम बदलायचा होता म्हणून. नवा कॅम लावण्याआधी जुनं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या कोणत्या अंशावर उघडतो ते, मोजून बघू म्हटलं. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हच्या पुशरॉडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक). कॅमच्या टोकाला काटा काही अंश हलतच नाही, त्यामुळे नुसतं टोक बघून चालत नाही. टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे लिफ्ट (पुशरॉडची उचल) सारखीच उतरेल असे दोन आकडे घ्यायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. पिस्टन सगळ्यात वर आल्यानंतर तो यायला हवा होता क्रँकच्या 106 अंशांवर, आला 112 वर. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण कड्या लांबत नाहीत. पिना आणि बुश झिजतात, आणि प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी झीज मिळून कॅम मागे पडतो. सहा अंश म्हणजे खालच्या फेऱ्यांत गाडी जड वाटणारच.

बेल्टच्या किटमधल्या कॅम पुलीला लांबट भोकं असतात. बोल्ट सैल करायचे, कॅम हवा तेवढा सरकवायचा, पुन्हा आवळायचे. एक लक्षात ठेवा, कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून पुलीवरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन. नवा कॅम बरोब्बर 106 वर बसवला. सहा वर्षांत तीनदा मोजलं, काटा जागचा हलला नाही. माझ्यासाठी बेल्टचं खरं मोल तेच आहे. आवाज कमी झाला हा वरचा फायदा.

मिनी 998, बेल्ट दोन वर्षांत काढला

माझा अनुभव वाईट आहे आणि तो लिहिलाच पाहिजे. चेन तेलात भिजलेली लागते, बेल्ट कोरडा लागतो. त्यामुळे क्रँक आणि कॅम दोन्हींच्या तोंडाशी ऑइल सील येतात आणि सगळा खेळ त्या दोन रबरी कड्यांवर चालतो. पहिले सहा महिने उत्तम गेले. मग क्रँकच्या सीलखाली ओल दिसायला लागली. सील बदललं, तीन महिन्यांत पुन्हा ओल. कव्हर काढलं तर बेल्टचे दात बोटाला मऊ लागले आणि कडा फुगलेल्या. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. तेच तेल, गिअरच्या बारीक चुऱ्यासकट, बेल्टवर येत होतं. कंटाळून दुहेरी चेन लावली.

मॉरिस मायनर 1098, बेल्ट लावलाच नाही

मी पुष्कळ विचार केला आणि चेनवरच राहिलो. माझी गाडी शांतपणे फिरायची आहे, कॅम मूळचा आहे. मूळच्या एकेरी चेनच्या जागी दुहेरी घातली आणि ऑफसेट चावी (चक्र शाफ्टवर थोडं सरकवून बसवणारी पायरीची चावी) लावून कॅमचे चार अंश दुरुस्त केले. ज्याला हे करायचंय त्याच्यासाठी एक सूचना. दुहेरी चेनचं चक्र जाड असतं, पुढच्या प्लेटच्या दोन बोल्टांची डोकी त्याला घासतात. ते बोल्ट काढून प्लेटमध्ये खाच करून बुडीत डोक्याचे स्क्रू लावावे लागतात. हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला. आणि कव्हर लावताना क्रँकवरची तेल उडवणारी चकती उलटी बसवू नका, तिच्यावरचं F अक्षर बाहेरच्या बाजूला यायला हवं.

मिनी 1275, ट्रॅकची गाडी

बेल्ट तुटला की काय होतं ते मी पाहिलंय. तुटला म्हणजे मधून तुटला नाही, सलग सात दात मुळापासून सोलून निघाले. तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पॅडल दाबलेलं असताना. इंजिन एकदम मुकं झालं. मी सवयीने ऑइल प्रेशरच्या काट्याकडे पाहिलं, तो खाली चाललेला. आधी वाटलं इंजिन जाम झालं. मग उभं राहून विचार केल्यावर उलगडा झाला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला स्पार्क पोचवणारा भाग) कॅमवरून फिरतो आणि ऑइल पंप कॅमच्या मागच्या टोकाला आहे. कॅम थांबला की स्पार्क गेला आणि तेलही गेलं. गाडी वेगात असेल तर चाकं क्रँकला फिरवत राहतात, तेही तेलाच्या दाबाशिवाय. म्हणून कळकळीने सांगतो, असं झालं तर लगेच क्लच दाबा आणि गाडी नुसती घरंगळत बाजूला घ्या. मी दाबला, माझे बेअरिंग वाचले.

कारण शोधलं तेव्हा कॅम पुढे-मागे जास्त हलत होता. हा खेळ 3 ते 7 हजारांश इंच असायला हवा, माझा 11 निघाला. डिस्ट्रिब्युटरच्या तिरक्या दातांच्या गिअरमुळे कॅमला आडवा धक्का बसत राहतो, त्यामुळे पुली आत-बाहेर व्हायची आणि बेल्ट कडेला चढायचा. कव्हरच्या आत पुलीच्या कडेशी काळी भुकटी साचली होती. ती मी महिनाभर आधी पाहिली होती आणि पुसून टाकली होती. आता कॅमचा हा खेळ आवरणारी थ्रस्ट प्लेट नवी आहे, बेल्टही नवा आहे, आणि दर हंगामानंतर तो बदलतो, मग तो कितीही चांगला दिसो.

मिनी 1100

पहिल्या अनुभवात पुली सरकवायचं लिहिलंय त्याला पुरवणी. मी कॅम चार अंश पुढे घेतला आणि खूश होऊन चढावर गेलो. वरच्या गिअरमध्ये इंजिन टिकटिक करू लागलं, ऐकवत नव्हतं. डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो ना, म्हणजे कॅमबरोबर स्पार्कही चार अंश पुढे गेला होता. कॅमला हात लावला की इग्निशन टायमिंग पुन्हा लावायचंच, स्ट्रोब लाइट घेऊनच.

मिनी 1275, बेल्ट चार वर्षं

ज्यांनी दोन वर्षांत बेल्ट काढला त्यांच्यासाठी खास लिहितेय. तुमच्या इंजिनाला मूळच्या टायमिंग कव्हरवर ब्रीदर (इंजिनातले वायू बाहेर सोडणारं तोंड) होता का? माझ्या होता. किट लावलं की ते कव्हर जातं आणि ब्रीदरही जातो, आणि किटच्या कागदावर याबद्दल अक्षर नव्हतं. पिस्टनच्या बाजूने जे थोडे वायू खाली उतरतात त्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते सीलच्या ओठाखालून वाट काढतात आणि तेल बरोबर आणतात. माझीही दोन सील अशीच गेली. मी सीलला आणि ते बसवणाऱ्या मिस्त्रींना दोष देत होते, खूप बोललेही त्यांना. नंतर तेल भरायचं झाकण सैल ठेवून इंजिन चालवलं तर तोंडाशी हात धरल्यावर जोरात फुंकर लागली. फ्लायव्हील हाउसिंगवर ब्रीदर लावला, नळी कार्ब्युरेटरला जोडली. तेव्हापासून क्रँकचं सील कोरडं आहे, आणि मिस्त्रींची जाऊन माफी मागितली.

मिनी 1000

कव्हर उघडं ठेवू नका. दिसायला छान दिसतं, पण मिनीचा रेडिएटर बाजूला आहे, चाकाच्या खोबणीला लागून, आणि टायमिंगची बाजू त्याच्या शेजारीच. तिथून खडी येते. एक वाटाण्याएवढा खडा दातात अडकलेला मी स्वतः काढलाय.

मिनी 998, गाडी बरीच वर्षं उभी

माझा बेल्ट जेमतेम तीन हजार किलोमीटर चालला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मधे सात वर्षं गाडी जागची हलली नव्हती. काढून बोटांत हलकासा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा, प्रत्येक दाताशी. रबराचं वय उभ्या गाडीतही वाढतं. चेनचं तसं नाही, ती तेल लागून पडून राहिली तरी तशीच राहते. वर्षातून चारदा गाडी काढणाऱ्याने याचा विचार करावा, आणि नवा बेल्ट घरात ठेवताना घडी घालू नये, पिळूही नये, आतल्या दोऱ्या तुटतात.

मिनी 998, बेल्ट दोन वर्षांत काढला (पुन्हा)

ताई, तुमचं वाचून आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. चेन परत लावली तेव्हा ब्रीदरवालं जुनं कव्हरच परत बसवलं होतं, आणि त्यानंतर थेंबभर तेलही गळलेलं नाही. हे मी सहज नशीब समजत होतो. फळीवरून बेल्टचं किट खाली काढलं, त्याच्या कव्हरला कुठेच भोक नाही. माझं 998 जुन्या धाटणीचं आहे, बाजूला टॅपेटची झाकणं आहेत, त्यातल्या एकावर ब्रीदर बसवता येईल. तुमची नळी किती व्यासाची आहे आणि मधे तेल अडवणारी डबी आहे का, एवढं सांगा. सील आणि बेल्ट नवे आणतो.