कोठवर, प्रभू? : न सुटलेल्या संकटांतील विश्वासाचे अनुभव

धागा सुरू करताना – अहिल्यानगरहून

सर्वांना सलाम. उपासनेत साक्ष द्यायला बहुधा ती माणसे उभी राहतात, ज्यांचे दुखणे बरे झाले, ज्यांना नोकरी लागली किंवा ज्यांच्या मुलीचे लग्न जमले. त्यांच्या आनंदात आपण सहभागी होतोच. परंतु ज्यांची प्रार्थना अजून तशीच पडून आहे, ती मागच्या बाकावर गप्प बसतात. खरे तर पवित्र शास्त्र अशांनाच अधिक जागा देते. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहेत, आणि आनंद करा असे फिलिप्पैच्या मंडळीला पत्रातून सांगणारा प्रेषित पौल त्या वेळी बंदिवासात होता. म्हणून लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) निमित्ताने विनंती अशी की, संकट सुटलेले असो वा नसो, त्या काळात कोणत्या वचनाने धरून ठेवले आणि कोणते वचन कानाला सहन झाले नाही, हे मोकळेपणाने लिहावे. उपदेश नको, तो रविवारी मिळतोच.

जालना जिल्ह्यातून, शेतकरी

2012 मध्ये पाऊस झाला नाही आणि 2013 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन आम्ही काही महिने झाडे जगवली. पुढे पैसा संपला, आणि वडिलांनी लेकरांसारखी वाढवलेली बाग सरपणासाठी तोडावी लागली. त्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीला देण्यासारखे शेतात काहीच नव्हते. आईने कोंबड्यांची अंडी टोपलीत घातली आणि ती नेली. उपासनेनंतरच्या लिलावात गावातल्याच एकाने ती दुपटीहून अधिक पैसे देऊन घेतली. आईला बरे वाटले, मला मात्र संकोच वाटला.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी संदेष्टा हबक्कूक याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला : अंजिराला फुलोरा नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला तो ऐकवेना. ज्याची बाग गेली त्याला आनंद करायला सांगणे फार सोपे असते, असे मनात आले. घरी येऊन मी ते पुस्तक पहिल्यापासून वाचले (अवघे तीन अध्याय आहेत), तेव्हा दिसले की सुरुवातीलाच संदेष्टा देवाशी भांडतो आहे : मी ओरडतो आहे आणि तू ऐकत नाहीस, हे किती काळ चालायचे? शेवटच्या अध्यायातही तो नुकसान झाकत नाही. तलाठ्यासमोर पंचनामा करावा तशी एकेक वस्तू मोजून सांगतो आणि त्यानंतरच ‘तरी’ म्हणतो. तो पंचनामा गाळून नुसते ‘तरी’ वाचू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मला आनंद झाला असे मी आजही म्हणणार नाही. कर्ज फिटायला वर्षे लागली, आणि आता सोयाबीनबरोबर ठिबकवर मोजकीच मोसंबी आहे. मात्र प्रार्थनेत खोटे बोलणे तेव्हापासून थांबले.

पुण्याहून, गृहिणी

माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. एका आरोग्यदानाच्या सभेत उपदेशकांनी सर्वांसमोर सांगितले की आमचा विश्वास कमी पडतो आहे. हे रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसून काढणाऱ्या माणसाला ऐकावे लागते! पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि उत्तर आले ते एवढेच : “माझी कृपा तुला पुरे आहे.” पौलाचा विश्वास कमी होता, असे कोणी म्हणणार आहे काय? गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही.

मला आधार झाला तो सारफथच्या विधवेचा. दुष्काळात संदेष्टा एलीया तिच्याकडे आला तेव्हा तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते, आणि मुलासह शेवटची भाकर खाऊन मरावे, असे तिने ठरवले होते. पुढे पीठ सरले नाही. परंतु कोठार भरले, असेही तेथे लिहिलेले नाही. दुष्काळ संपेपर्यंत ती रोज उठून त्याच मडक्यात हात घालत असणार. आमच्या घरातली कृपा त्याच मापाने येते : डायलिसिसचा दिवस पार पडतो, औषधांचे पैसे कुठून तरी जमतात, शेजारच्या काकू डबा पाठवतात. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” या विनंतीत महिन्याचा किराणा मागितलेला नाही, हे मला आजारपणाने शिकवले.

मिरजेहून, परिचारिका

थोडक्यात लिहिते. कोविडच्या काळात नातेवाइकांना आत येता येत नसे, आणि अनेकांच्या शेवटच्या घटकेला आम्हीच जवळ असू. त्या दिवसांत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र माझ्या ओठांवर येत नसे, अठ्ठ्याऐंशीवे येई. ते स्तोत्र अंधाराशीच संपते, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही. तरीही ते शास्त्रात ठेवले गेले आहे, एवढ्यावर मी त्या पाळ्या केल्या.

केडगावजवळून, निवृत्त शिक्षिका

माझी पणजी 1896-97 च्या दुष्काळात पोरकी होऊन पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आली. मध्य प्रांतातून रमाबाईंनी आणलेल्या शेकडो मुलींपैकी ती एक. घरात असे सांगत की बाईंना उपाशी मुलीचा चेहरा ओळखायला शिकवावे लागले नाही, कारण 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील गेले होते. पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर मात्र त्यांनी सोडले नाही, आणि ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमातल्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले. मोठ्या माणसांच्या दुःखाचे आपण फार लवकर गौरवगीत करतो. मला त्यातला रोजचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो : मुलगी गेल्यावरही सकाळी भाषांतराचे कागद समोर घ्यायचे, आणि त्या कागदांवर निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेला ईयोबही असणार.

मुंबईहून, एक तरुण

आई कर्करोगाने गेली. कबरस्तानातच तिघाचौघांनी मला रोमकरांस पत्रातले ते वचन ऐकवले की सर्व गोष्टी मिळून कल्याणाला कारण होतात. त्यानंतर मी उपासनेला बसलेलो नाही. वडिलांना दर रविवारी चर्चला सोडतो आणि बाहेर थांबतो. वरचे अनुभव वाचून वाटले की निदान येथे हे लिहिता येईल.

सोलापूरहून, एक पाळक, वरील तरुणास

भाऊ, ते वचन खरे आहे, पण ती त्याची वेळ नव्हती. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, आणि त्यांनी केलेले तेवढेच काम चांगले होते. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडली. तरीही अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावरच झाला, आणि तक्रार करणारा ईयोब योग्य ते बोलला, असे देवाने सांगितले. दफनविधीत मी आता योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय (मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर याच्या मृत्यूचा) वाचतो आणि फारसे बोलत नाही. आपण बाहेर थांबता, त्याबद्दल माझी काही हरकत नाही.

मुंबईहून, तोच तरुण

आभारी आहे, पाळकसाहेब. अकरावा अध्याय काल वडिलांबरोबर वाचला. त्यांनी दाखवले की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, हे मार्था येशूला गावाबाहेर गाठूनच सुनावते. तो तोवर गावात शिरलेलाही नाही, आणि तिला तो या बोलण्याबद्दल रागावत नाही. मरीया मागाहून येऊन तेच वाक्य बोलते आणि तिच्यापुढे तो रडतो. दोघी बहिणींना त्याने निरनिराळे उत्तर का दिले, यावर येथे कोणी लिहिल्यास मला वाचायचे आहे.