वेब डेव्हलपरचा पोर्टफोलिओ नक्की उघडतं कोण?

खराडीचा_वाटसरू

आमच्या टीममध्ये फ्रंटएंडच्या (वेबसाइटच्या दिसणाऱ्या बाजूच्या) दोन जागा निघाल्या, फ्रेशर ते दोन वर्षं अनुभव. एचआरने गाळून पाठवलेले १४० च्या आसपास रिझ्यूम माझ्या गळ्यात पडले. तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर हाच उद्योग. त्यातून जे साचलंय ते इथे ओततोय, सौम्य भाषेची अपेक्षा ठेवू नये.

माझं म्हणणं एवढंच : स्वतःची कामं दाखवणारी चकचकीत पोर्टफोलिओ साइट बनवण्यात पोरं जो महिना घालवतात तो पाण्यात जातो. त्या महिन्यात कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाची एक गोष्ट बनवा आणि रिझ्यूमवर तिच्याबद्दल चार ओळी नीट लिहा. बस.

आता काय काय पाहिलं ते ऐका. काळी पार्श्वभूमी, नावाचं एकेक अक्षर टाइप होत येतंय, खाली 'एचटीएमएल ९०%, सीएसएस ८५%, जावास्क्रिप्ट ८०%' अशा पट्ट्या. जावास्क्रिप्ट ८०% म्हणजे काय हो? उरलेली २०% कुठे सांडली? मी अकरा वर्षं हेच काम करतोय, मला माझी टक्केवारी सांगता येणार नाही. त्याखाली प्रोजेक्ट तीन : टू-डू लिस्ट, हवामानाचं अ‍ॅप, नेटफ्लिक्सची नक्कल. हा क्रम आता आरतीसारखा पाठ झालाय. लिंकांवर टिचकी मारली तर निम्म्या उघडत नाहीत. हेरोकूने (साइट ठेवायची सेवा) फुकटची योजना नोव्हेंबर २०२२ मध्येच गुंडाळली, पण रिझ्यूमवर तिथले पत्ते अजून मिरवतायत. ज्या उघडतात त्यातल्या काहींच्या टॅबवर अजून 'रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हेच नाव, साच्यासोबत आपोआप मिळालेलं. ज्याला स्वतःच्या पानाचं शीर्षक बदलायचं सुचलं नाही, त्याने रिझ्यूमवर 'बारकाव्यांकडे लक्ष' लिहावं?

एका मुलाच्या गिटहबवर (कोड ठेवायची जागा) पासवर्ड ठेवायच्या डॉट ईएनव्ही फाइल सकट सगळं होतं. डेटाबेसचा पासवर्ड राजरोस. राहवलं नाही म्हणून मेल करून कळवलं, तर त्याने फाइल उडवली आणि आभार मानले. अरे, जुन्या कमिटमध्ये (जतन झालेल्या आवृत्तीत) ती आहेच की. पासवर्ड बदल म्हटलं आधी.

आणि रिझ्यूम! फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद वाचन व संगीत, शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं घोषणापत्र, ठिकाण, दिनांक, सही. रेशनकार्डाचा अर्ज आहे का हा?

हाणा आता.

नुसताच_वाचक

पुढच्या रांगेत जागा धरलीय. चहा ठेवलाय.

संगमनेरची_बीसीएस

सर, तुमच्याकडे रिझ्यूम 'गाळून' येतात. आम्ही त्या चाळणीच्या अलीकडे उभे असतो, तिथून जग वेगळं दिसतं.

आमच्या कॉलेजात कॅम्पसला जेमतेम एक कंपनी आली, तीही टेलिकॉलिंगसाठी. बाहेर अर्ज करावा तर दहावी, बारावी, पदवी सलग साठ टक्के पाहिजेत. मला बारावीला ५८. आजी आजारी होती, घरचं सगळं माझ्यावर होतं, पण त्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नसतो. पोर्टफोलिओ ही एकच जागा आहे जिथे माझे बारावीचे मार्क कोणी विचारत नाही. तुमच्या नावामागे कंपनीचं नाव आहे, म्हणून तुम्हाला तो महिना पाण्यात गेलेला वाटतो.

आणि टू-डू लिस्टला हसताय ते ठीक, पण ती आम्हाला शिकवली कोणी? पुण्यातल्या क्लासने ७० हजार घेतले. साठ जणांची बॅच, साठ जणांची तीच नेटफ्लिक्सची नक्कल. सरांनी स्क्रीनवर टाइप करायचं, आम्ही बघून उतरवायचं. 'हंड्रेड परसेंट प्लेसमेंट असिस्टन्स' मधला 'असिस्टन्स' हा शब्द मी फी भरून झाल्यावर नीट वाचला.

खराडीचा_वाटसरू

चाळणीबद्दलचं मान्य. ५८ आणि ६० यात काय फरक आहे ते मलाही कळलेलं नाही, आणि सर नको, दादा चालेल. पण तुमच्याच बोलण्यात उत्तर आहे बघा. साठ जणांकडे तीच साइट असेल तर ती तुमची ओळख कशी होणार? मार्क तरी प्रत्येकाचे वेगळे असतात.

क्लासच्या बाहेर, कुणी न सांगता काही बनवलंय का? कितीही किरकोळ असू दे.

गाळणारी_ताई

ती चाळणी म्हणजे मी. बारा वर्षं भरतीत आहे.

आमच्या टेबलावर काय होतं ते सांगते, मग भांडा. नोकरी डॉट कॉमवर मी शब्द टाकते : रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट, पुणे, नोटीस पिरियड ३० दिवसांपर्यंत. शेकड्यांनी नावं येतात. प्रोफाइल अलीकडे हललेलं असेल तर आधी बघते, कारण सहा महिने न हललेला माणूस बहुतेक कुठेतरी लागलेला असतो. एका रिझ्यूमला अर्धा मिनिट मिळालं तर नशीब. त्या अर्ध्या मिनिटात मी पोर्टफोलिओ उघडत नाही. कोणीच उघडत नाही. मी तो पुढे पाठवते आणि खराडीकरांसारखे लोक रात्री जेवल्यावर उघडतात. त्यामुळे माझ्यासाठी रिझ्यूम आणि त्यांच्यासाठी काम, दोन्ही लागतं. एकाला पाण्यात टाकून चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते त्या दोन रकान्यांच्या नक्षीदार टेम्पलेटने. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा. डाव्या रकान्यातला फोन नंबर उजव्या रकान्यातल्या कॉलेजच्या नावात घुसलेला दिसला, तर आमच्या सिस्टिमलाही साधारण तसंच दिसतं. कौशल्यं चित्राच्या रूपात टाकली असतील तर ती सिस्टिमच्या लेखी नाहीतच. एक रकाना, साधा फॉन्ट, एक पान. कंटाळवाणं दिसतं? दिसू दे.

घोषणापत्राने कुणाचं काही बिघडत नाही हो, खराडीकर. उगाच पोरांना घाबरवू नका. चार ओळी वाया जातात एवढंच. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती मात्र काढा, मला ते माहीत नसलेलंच बरं.

कोल्हापूरचा_पीएचपीवाला

खराडीकरांचा मूळ मुद्दाच मला पटलेला नाही. नोकरी म्हणजे फक्त तुमची काचेची इमारत असं धरून बोलताय.

मी पंधरा वर्षं पतसंस्था, शाळा, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्या साइटी करतोय. बहुतेक वर्डप्रेस, त्याची लाज नाही. माझा पोर्टफोलिओ म्हणजे माझ्या दुकानाची पाटी. पाटी काढून टाका म्हणता? मागच्या वर्षी एका मंगल कार्यालयाची जुनी साइट हातात आली. पहिल्याच पानावर मोबाइलने काढलेला मांडवाचा फोटो, ६ एमबीचा, जसाच्या तसा चढवलेला. गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत मुहूर्त टळायचा. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात आणून १५० केबीच्या आत बसवला आणि आधीचं-नंतरचं दोन्ही पान उघडताना मोबाइलवर चित्रित करून माझ्या साइटवर शेजारी शेजारी लावलं. तेवढा एक व्हिडिओ बघून तीन फोन आले. हे रिझ्यूमवर चार ओळीत लिहून कोणाला कळलं असतं?

दुसरं. तुमचं अकरा वर्षांचं काम कंपनीच्या कुलपात आहे. करारावर सही करून बसलाय, एक ओळ बाहेर दाखवता येत नाही. उद्या नारळ मिळाला तर तुम्ही काय दाखवणार?

नुसताच_वाचक

+१. खराडीकरांचं गिटहब बघायला मिळेल का? कोड चढवला की तिथे उमटणारे हिरवे चौकोन किती?

खराडीचा_वाटसरू

हिरवे चौकोन नाहीत. २०१९ पासून वाळवंट आहे. आणि ते चौकोन स्क्रिप्ट लावूनही रंगवता येतात, त्यामुळे मी दुसऱ्यांचेही बघत नाही.

पीएचपीवाले, तुमच्या व्हिडिओपुढे हात जोडले. धंदा करणाऱ्याला पाटी हवीच, तेवढा भाग मागे घेतो. पण तुम्ही दाखवलंत काय? एका खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं दुखणं आणि त्यावर केलेला उपाय. टक्क्यांच्या पट्ट्या नाही दाखवल्या. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात.

आणि कुलपातलं काम कोड न दाखवताही सांगता येतं. माझ्या रिझ्यूमवर पूर्वी होतं : 'वेबसाइटचा परफॉर्मन्स सुधारला.' ते खोडून आता असं आहे : 'मोबाइलवर मुख्य चित्र दिसायला साधारण ६ सेकंद लागत, ते २.३ वर आणलं. पहिल्या पडद्यावर न लागणारी स्क्रिप्ट मागे ढकलली, फॉन्टमधली न वापरलेली अक्षरं काढली.' गूगल २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगलं धरतं, त्यामुळे समोरच्याला २.३ चा अर्थ लगेच लागतो. नाही लागला तर तो विचारतो, आणि मग पुढची वीस मिनिटं मला जे येतं त्यावरच बोलणं होतं.

शॉर्टकटवाला

किती तो आदर्शवाद. सरळ दोन वर्षांचा अनुभव टाका. कन्सल्टन्सीवाले ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग सगळं देतात. माझ्या रूमवरचे तिघं लागले असे.

गाळणारी_ताई

लागले असतील. पडताळणीत यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) मागतात तेव्हा पीएफ कुठल्या कंपनीने, कधीपासून भरला ते सगळं समोर येतं. कंपनीची पीएफमध्ये नोंदच नसेल तर प्रश्न आणखी वाढतात. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात लॅपटॉप परत घेऊन गेटपर्यंत सोडायचं काम मी केलंय. तो मुलगा कामाला चांगला होता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तुमच्या रूमवरच्या तिघांना माझा निरोप सांगा.

संगमनेरची_बीसीएस

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे रिझ्यूमवर पाचव्या नंबरला आहे, नेटफ्लिक्सच्या खाली : 'डेअरी मॅनेजमेंट सिस्टिम युजिंग मर्न स्टॅक.' (मर्न म्हणजे मोंगो, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड.)

मामांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ ४६ जण दूध घालतात. मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) सांगतं, मामा तक्त्यात भाव बघून वहीत लिहायचे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ भाव, त्याखाली पॉइंटमागे कपात. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची उचल वजा. बिलाच्या आदल्या रात्री घरातले सगळे कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि तरी कुणाचा तरी हिशेब चुकायचाच. ते मी ब्राउझरमध्ये केलं. मागच्या दिवाळीपासून वही बंद आहे.

क्लासचे सर म्हणाले होते, हे फार लोकल वाटतं, खाली टाक.

खराडीचा_वाटसरू

पाचव्या नंबरला?? मी १४० रिझ्यूम वाचले, त्यात कुणाची वही बंद झालेली नव्हती. आज रात्री ते पहिल्या नंबरला घ्या. बाकीचे चार उडवा.

हिंजवडी_फेज_३

भावनेच्या भरात वाहून जाऊ नका. ही डेअरीची सिस्टिम आज कुठलंही एआय एका दुपारी लिहून देईल. प्रोजेक्टवरून आता काहीच सिद्ध होत नाही. आम्ही पोर्टफोलिओ बघणं बंद केलंय, समोर बसवून अल्गोरिदमचे दोन प्रश्न घालतो. सुटले तर आत, नाहीतर रामराम.

संगमनेरची_बीसीएस

एआय मीही वापरलं, खोटं कशाला बोलू. त्याने दिलेला हिशेब पहिल्या आठवड्यात वहीशी ताडून पाहिला, तर दहा दिवसांच्या बेरजेत काही जणांचे पैसे एक-दोन पैशांनी इकडे-तिकडे. मामा म्हणाले, दोन पैशांचं काय एवढं, पण ज्याचे कमी आले तो वही घेऊन दारात उभा राहतो. दोन रात्री शोधत होते. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की नेमके ०.३ येत नाहीत, पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ येतो, हे तेव्हा कळलं. मग सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवली आणि रुपये फक्त दाखवताना केले. एआयला विचारल्यावर त्यानेही हेच सांगितलं. पण विचारायचं काय, हे वहीमुळे कळलं.

खराडीचा_वाटसरू

फेज तीनवाले, यावर तुमचा कुठला अल्गोरिदमचा प्रश्न?

हिंजवडी_फेज_३

बरं, हे उत्तर समोर बसून असंच दिलं तर मी घेईन. पण हे त्यांना बोलतं केल्यावर बाहेर आलं. रिझ्यूमवरच्या त्या एका ओळीतून मला यातलं काय दिसणार होतं? म्हणून आम्ही प्रश्न घालतो. हजार जणांना बोलतं करायला माणसं नाहीत आमच्याकडे.

कोल्हापूरचा_पीएचपीवाला

हेच तर मी म्हणतोय! ते दिसण्यासाठीच एक पान हवं. नक्षी नको. केंद्राचा फोटो, वहीच्या एका पानाचा फोटो, शेजारी स्क्रीन, खाली हा दोन पैशांचा किस्सा. गिटहब पेजेसवर फुकट होतं, एका संध्याकाळचं काम. संगमनेरच्या ताई, पावती छापता का हो तुम्ही? माझ्या एका पतसंस्थेत मराठी पावतीने घाम फोडला होता.

संगमनेरची_बीसीएस

छापते ना, ५८ मिलिमीटरच्या रोलवर. सुरुवातीला नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची, त्या प्रिंटरला देवनागरी माहीतच नव्हती. मग अख्खी पावती कॅनव्हासवर काढून चित्र म्हणून पाठवली. 'ज्ञानेश्वर' नीट उमटलं त्या दिवशी मामांनी पेढे आणले.

लिंक मात्र अशी देता येणार नाही, लोकांचे खरे हिशेब आहेत त्यात. खोटी नावं घालून वेगळी प्रत करते. आणि रिझ्यूमवर आता हे लिहिलंय, बघा : 'दूध संकलन केंद्राची हिशेबवही ब्राउझरमध्ये आणली. ४६ उत्पादक, दिवसातून दोनदा नोंद, दहा दिवसांचं बिल. रकमा पूर्णांक पैशांत ठेवून बेरजेतली तफावत घालवली. ५८ मिमी प्रिंटरवर मराठी पावती.'

खराडीचा_वाटसरू

एक अक्षर हलवू नका.

गाळणारी_ताई

हलवा. यात 'रिअ‍ॅक्ट' कुठे आहे? 'नोड' कुठे आहे? हे असंच पाठवलंत तर माझ्या शोधात तुम्ही येणारच नाही आणि खराडीकर रात्री जेवून नुसतेच बसतील. पहिल्या ओळीच्या शेवटी घाला आणि इंग्रजीत करून आजच प्रोफाइलवर चढवा.