भजनी मंडळासोबत मसाई मारा: सिंह, बिबट्या, चित्ता तिन्ही दिसायला हवेत, सल्ला हवा

सुनीता_डोंबिवली
आमच्या भजनी मंडळाचे चौदा जण केनियाला जायचं म्हणतोय. बहुतेक साठीच्या पुढचे, सगळे माळकरी. माघी वारी करून आलो की लगेच, म्हणजे फेब्रुवारीअखेर. माणशी अडीच लाखांच्या वर जाता येणार नाही. पहाटेचा काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ चुकवायचा नाही. मारा एकच करावं की टांझानियाही जोडावं?

रानवाटा
फेब्रुवारी उत्तम. जुलै ते ऑक्टोबर नदी ओलांडणारे विल्डबीस्ट बघायला झुंबड असते, पण सिंह-बिबटे माऱ्यात बारमाही असतात. अभयारण्याची प्रवेश फीसुद्धा जूनपर्यंत माणशी दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून २००. टांझानिया जोडू नका, निम्मा वेळ सरहद्दीवर आणि रस्त्यात जाईल.

कोथरूडकर
टांझानिया नाही तर मग जायचंच कशाला? आम्ही सेरेंगेटी आणि गोरोंगोरो दोन्ही केलं, वर बलूनमधूनही फिरलो. नैरोबीहून छोट्या विमानानेच जा, रस्त्याने हाडं खिळखिळी होतात.

रानवाटा
त्यांनी अडीच लाख सांगितलेत हो. आणि त्या विमानात पंधरा किलो सामान, तेही मऊ बॅगेत. मृदंग कसा नेणार?

विदर्भवाला
एवढे पैसे घालवण्यापेक्षा ताडोबाला या. वाघ बघा, घरचं जेवण जेवा.

मीनल_जी
काका, त्यांना सिंह आणि चित्ता बघायचाय.

विदर्भवाला
सिंह गीरला आहे, चित्ते २०२२ पासून कुनोत आहेत. सगळं आपल्याच देशात आहे.

मीनल_जी
सुनीताताई, गाडीचं आधी पक्कं करा. आम्हाला एका कंपनीने व्हॅनमध्ये कोंबलं होतं. मधल्या सीटवर बसलेल्या माझ्या सासूबाईंना सिंहाऐवजी पुढच्याची टोपीच दिसली. वर उघडणारं छत असलेली लँड क्रूझर घ्या, एका गाडीत पाचच जण, प्रत्येकाला खिडकी. म्हणजे तुम्हाला तीन गाड्या. हे लेखी घ्या.

झाडावरचा_बिबट्या
बिबट्यासाठी तालेक नदीकाठची झाडं बघत राहा. पान हलतं का ते बघू नका, आडव्या फांदीखाली लोंबणारी शेपटी शोधा. आम्हाला आधी दिसलं ते फांदीच्या बेचक्यात अडकवलेलं इंपाला हरणाचं धड. खाली तरस घुटमळत होतं. बिबट्या वरच होता, पण पानांत इतका मिसळलेला की ड्रायव्हरने बोट दाखवूनही बराच वेळ कळेना. ड्रायव्हरच्या रेडिओवर स्वाहिलीत 'चुई' ऐकू आलं तर बिबट्या, 'दुमा' म्हणजे चित्ता, 'सिंबा' तर ठाऊकच आहे.

कोथरूडकर
बिबट्या आम्हाला सेरेंगेटीतल्या सेरोनेराला दिसला. म्हणून म्हणतो, टांझानिया.

रानवाटा
चित्ता वारुळावर चढून बसतो आणि दिवसाढवळ्या शिकार करतो, त्यामुळे दुपारी कॅम्पवर झोपू नका. सिंह मात्र दिवसभर लोळत असतात, ते बघायला सकाळी सहाला गेट उघडताच आत शिरा. काकडा तेवढे दिवस मनात म्हणा. आणि ड्रायव्हरला बजावा, चित्त्याला घेरायचं नाही. २०१८ साली माऱ्यातलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या जास्त, तिथल्या चित्तिणींची पिल्लं कमी जगतात, असं त्यात दिसलं. माझ्या डोळ्यांदेखत गाड्यांच्या गराड्यात एका चित्तिणीने पकडलेलं हरीण सोडून दिलंय. पिल्लं उपाशी राहिली.

मीनल_जी
+१. काकडा मनातच म्हणा.

डॉ_आजोबा
हे कोणीच लिहिलं नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना मुंबईत विलगीकरणात ठेवतात. आणि साठीच्या पुढे या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका जास्त असतो. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नका.

विदर्भवाला
ताडोबाला लस लागत नाही.

सुनीता_डोंबिवली
सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळात बसून ठरलं: फक्त मारा, रस्त्याने, तीन गाड्या. डॉक्टरांकडे सगळ्यांना या आठवड्यातच पाठवते. काकडा मात्र मनात म्हणणार नाही, नेहमीसारखा उभं राहून, आरतीसकट होईल. कॅम्पवर आवाज नको म्हणून फक्त टाळ बाजूला ठेवू. मग नाश्ता करून आठला निघायचं, डबा सोबत घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत रानातच राहायचं. सकाळचे सिंह हुकले तर हुकले, आमच्यापैकी कुणाचीच त्याला ना नाही. आता एकच सांगा, कांदा-लसूण नसलेलं जेवण कॅम्पवाले करून देतात का, की पिठलं-भाकरीचं सामान इथूनच न्यावं?